गिधाड दिसलं! पण कोणतं?

आजचा भाग गिधाडांचा, आणि तोही त्यांना ओळखून फोटो काढण्याचा. भरपूर जणांनी मागितला होता, तर चला.

ट्रेकला गेल्यावर वर काहीतरी मोठं घिरट्या घालताना दिसलं की ग्रुपमधलं कोणीतरी ओरडतंच, "अरे, गिधाड!" बहुतेक वेळा ती घार असते. घारीच्या शेपटीला टोकाशी खाच असते आणि ती शेपटी सतत इकडेतिकडे वळवत राहते. गिधाडाची शेपटी आखूड, डोकं अंगात ओढून घेतल्यासारखं एवढंसं, आणि पंख म्हणजे लांबरुंद फळ्या, टोकाला पिसांची बोटं फाकलेली. गरुडाचं डोकं पुढे आलेलं दिसतं, शेपटीही लांब वाटते. म्हणजे रंग बघायच्या आधी आकार बघा. उन्हात रंग फसवतात.

आता कोणतं गिधाड? इथे खरी गंमत आहे.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची पाठ खालून दिसतच नाही! ते डोक्यावरून जात असेल तर पंखाची खालची बाजू बघा. पुढचा अर्धा भाग पांढरा, मागचा काळा, अंग गडद. लांब चोचीच्या गिधाडात एवढा फरक नसतो. अंग आणि पंखाचा पुढचा भाग मातकट-फिकट, मागची पिसं गडद. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करतं ते हेच. पांढऱ्या पाठीचं मात्र उंच झाडावर घरटं करतं. म्हणून पक्षी कुठून उडाला, कुठे बसला, हेही टिपून ठेवा.

तिसरं पांढरं गिधाड. आकाराने लहान, चेहरा पिवळा, शेपटी पाचरीसारखी. कोकण किनाऱ्यावर असाल तर जरा थांबा, कारण समुद्र गरुडही खालून असाच काळा-पांढरा दिसतो. पण तो पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून तरंगतो आणि त्याच्या शेपटीचं बूड काळं असतं. गिधाडाचे पंख सपाट, शेपटी पूर्ण पांढरी. चौथं राज गिधाड: काळं अंग, लालभडक डोकं, मांड्यांपाशी पांढरे ठिपके. दिसलं तर नशीबवान आहात.

आणि पिल्लं? ती सगळा हिशोब बिघडवतात. पांढऱ्या पाठीच्या पिल्लाला पांढरी पाठच नसते. पांढऱ्या गिधाडाचं पिल्लू चक्क तपकिरी असतं. अशा वेळी "गिधाड, जात नक्की नाही" एवढंच लिहा. माझ्या मते छातीठोकपणे लिहिलेल्या चुकीच्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी कामाची.

जातीवर एवढा जोर का? १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. हजारातलं एक उरलं! कारण डायक्लोफेनॅक, गुराढोरांना द्यायचं वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही. आता कुठे कोणती जात टिकून आहे हे कळायला तुमचा फोटो उपयोगी पडू शकतो, धूसर असला तरी.

तर फोटो. भल्या पहाटे धावू नका. हवा तापल्याशिवाय गिधाडं सहसा उडत नाहीत. ऊन चांगलं वर आलं की कड्यावरून सुटतात. उजळ आभाळापुढे काळा पक्षी म्हणजे फोटोत नुसती सावली येते. मोबाइलवर पक्ष्यावर बोट ठेवा आणि सूर्याचं चिन्ह वर सरकवा. आभाळ पांढरंफटक झालं तरी चालेल, पंखाखालचा रंग दिसला पाहिजे. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, शटर हजारच्या वर. पक्षी वळण घेताना बर्स्ट मारा, तेव्हा पाठ दिसते. लांबची लेन्स नसेल तर दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल लावून बघा. हात थरथरतो, पण जात कळण्याइतकं येतं.

आता जरा कडक बोलतो. कड्यावर पांढरे ओघळ दिसले म्हणजे तिथे गिधाडं बसत असणार, कदाचित घरटंही असेल. हिवाळ्यात तिथे कड्याच्या काठाशी जाऊन वाकायचं नाही, ड्रोन तर अजिबात नाही. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. ते उबायला साधारण ५० दिवस लागतात. आईबाप उडाले, अंडं उन्हात पडलं किंवा कावळ्याने फोडलं, की त्या जोडीचं वर्ष गेलं. एका क्लोजअपसाठी? गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी मेलेली जनावरं ठेवायच्या जागा केल्या आहेत. अशा ठिकाणीही लांबूनच. पोटभर खाल्लेलं गिधाड जड असतं, पटकन उडता येत नाही. घाबरलं तर खाल्लेलं ओकून टाकतं, म्हणजे त्याचं जेवणच गेलं.

घरट्याचं लोकेशन स्टोरीवर टाकू नका. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यातून लोकेशनही जाऊ शकतं, ते आधी काढा. तालुका सांगितला तरी पुरे.

एक शेवटचं. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली होती, पाठीवर ट्रान्समीटर लावून तिथून सोडली. ती खूप लांब भटकतात. तुमच्या फोटोतल्या गिधाडाच्या पाठीवर छोटी अँटेना किंवा पायात कडं दिसलं, तर झूम करून नंबर वाचायचा प्रयत्न करा आणि वनविभागाला कळवा. जखमी किंवा थकून खाली बसलेलं दिसलं तर हात न लावता १९२६ ला फोन करा, ती आपल्या राज्याच्या वनविभागाची हेल्पलाइन आहे. फोटो नंतर काढा.