गरोदरपणातील साखर



आज आम्ही आपल्याशी एका लपलेल्या दुखण्याविषयी बोलणार आहोत. काही बायकांच्या रक्तात गरोदरपणीच साखर वाढते. इन्सुलिन नावाचा रस साखरेला आवरतो. पण वारेतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे त्याचा जोर कमी पडतो. बाईला दुखत नाही, खुपत नाही. पण आईची जादा साखर बाळाकडे जाते. बाळ फार मोठे होते, बाळंतपण अडते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. आपल्या अशा मुलखात अडलेल्या बाईने ऐनवेळी दवाखाना कसा गाठावा? म्हणून हे आधीच कळले पाहिजे.

तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात. उपाशी असण्याची गरज नाही. दोन तासांनी रक्त पाहतात. आकडा १४० किंवा जास्त आला, की साखर वाढली समजावे. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच करावी. दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात.

"दोन जिवांची आहे, गोडधोड खाऊ द्या," असे सासूबाई मायेने म्हणतात. माया हवीच. पण गूळ, गोड चहा, मोहफुलांचे लाडू तेवढे दूर ठेवा. भात थोडा, सोबत डाळ, पालेभाजी, अंडी, मासळी. थोडे थोडे, पण वेळेवर. उपाशी मात्र मुळीच राहू नये. रोज अर्धा तास चालावे. दोन आठवड्यांत साखर उतरली नाही, तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिनची सुई देतात. सुईला भिऊ नका. ती बाळाला बाधत नाही. सुई घेणारीला घाम सुटला, हातपाय थरथरले, तर लगेच साखर खायला द्या आणि दवाखान्यात कळवा.

बाळंतपण दवाखान्यातच करावे. गाव दूर असेल तर दिवस भरत येताच माहेरघरात येऊन राहावे. बाळाला तासाभराच्या आत अंगावर पाजावे, कारण जन्मल्यावर त्याची साखर उतरू शकते. सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासावी.

मंडळी, आपण आता आकडे वाचू लागलात. घरातल्या बाईचे कार्ड उघडा. साखरेचा आकडा लिहिला आहे का, पाहा. १४० पेक्षा कमी की जास्त, ते स्वतः वाचा. जागा कोरी असेल, तर उद्याच आशाताईंना विचारा.