पायी सात मिनिटांवर

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्या एका सभासदांनी केलेले भाषण. त्यांच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही.)



सेक्रेटरी म्हणाले, पंचवीस वर्षांतली एखादी आठवण सांगा. मी म्हटलं, माझ्या आठवणी माझ्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त असतील, कारण निम्म्या वेळी मी शुद्धीवर नव्हतो.

स्मरणिकेत नाव छापू नका असं मी सांगितलंय, ते लाजेपोटी नव्हे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए.मध्ये, छापील ठिकाणी सभासदानं पूर्ण नाव द्यायचं नाही असा संकेत आहे. इथे समोर बसलेल्यांपासून काय लपवायचं? लिफ्टमध्ये झोपलेला मी तुम्ही पाहिलाय. वॉचमनकाकांनी मला किती वेळा वर आणून सोडलं, याची नोंद त्यांच्या वहीत नसेल, पण आमच्या हिच्याकडे आहे.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मी खजिनदार होतो त्या वर्षी गणपतीच्या वर्गणीत साडेतीन हजार कमी पडले. ते मी प्यायलो होतो. तेव्हाच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या खिशातून भरून हिशेब जुळवला आणि चकार शब्द काढला नाही. माझ्या मुलांकडे बघून त्यांनी ते केलं. मी त्यातून एवढंच शिकलो, की खपतंय.

आमच्या घरातून मीटिंगला आधी ही गेली. मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळी संघटना आहे, तिथे फॅमिली डॉक्टरांनी तिला पाठवलं. तेव्हापासून तिनं माझ्या ऑफिसात "यांना बरं नाही" असे फोन करणं बंद केलं. भांडण नाही, रडणं नाही. पंधरा दिवसांत मीच विचारलं, त्या ए.ए.चा नंबर आहे का गं?

हेल्पलाइनवर फोन उचलणारा माणूसही पूर्वी पिणाराच. त्यानं पहिला प्रश्न विचारला, राहता कुठे? डोंबिवली म्हटल्यावर त्यानं ज्या शाळेचा पत्ता दिला, ती इथून पायी सात मिनिटांवर. मी म्हटलं, जवळचा नको, लांबचा सांगा. तो हसला आणि दादरचा दिला.

दोन महिने दादरला गेलो. पाऊस लागला, दांडी. गाड्या लेट, दांडी. आणि दांडी मारलेल्या संध्याकाळी बाटली ठरलेलीच. शेवटी तिथले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पिऊन पडताना सगळ्या सोसायटीनं बघितलं, आणि न पिण्यासाठी जाताना कुणी बघेल म्हणून इथवर येतोस होय रे?"

मग त्या सात मिनिटांवरच्या शाळेत गेलो. गेटपासून तिथपर्यंत मान वर केली नाही. तिसरीचा वर्ग, गुडघे मावत नाहीत असे बाक, कोपऱ्यात चहाची किटली. दारातच ज्यानं कप हातात दिला, तो मला रोज दिसणारा माणूस. कोण ते सांगणार नाही, तिथलं तिथेच राहतं. तो एवढंच म्हणाला, "बसा. बरं झालं आलात."

तिथे काय चालतं, असं मला लोक विचारतात. फारसं काहीच नाही. दीडेक तास एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि स्वतःचं सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नव्या माणसानं बोललंच पाहिजे असं नाही, मी तीन मीटिंगा गप्प होतो. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं. आपल्या सोसायटीतर्फे एकदा देणगी द्यायचं ठरत होतं, ग्रुपनं नम्रपणे नको म्हटलं. बाहेरचा पैसा घेत नाहीत. वर्गणी प्यायलेल्या माणसाला हे ऐकताना कसं वाटलं असेल, बघा!

या सगळ्याची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रन गावात झाली. बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्याच्या कामासाठी तिथे गेला होता. काम फसलं, हॉटेलात बार समोर. पिऊ नये म्हणून त्यानं चर्चना फोन लावले, मला बोलायला एखादा दारुडा गाठून द्या! त्यातून त्याला डॉ. बॉब स्मिथ भेटले. उपदेश करायला नव्हे, स्वतः वाचायला त्याला दुसरा हवा होता. मलाही तसाच हवा असतो.

एक नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं माझं ऐकून उद्यापासून एकदम बंद करू नये. हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर. मीटिंग औषधाच्या जागी नाही.

पहिल्याच वर्षी पुतण्याच्या लग्नात मी घसरलो. चार दिवस तोंड दाखवलं नाही. पाचव्या दिवशी गेलो तर पुन्हा तोच कप. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या सेक्रेटरींचे साडेतीन हजार तिसऱ्या वर्षी घेऊन गेलो. त्यांनी पैसे मोजून घेतले. त्याचं मला फार बरं वाटलं.

आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून मी एकटाच असेन असं मला वाटत नाही. मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला मी गेटजवळ उभा असतो. आधी फोन नको, बेल नको. कुणी विचारलंच तर सांगायचं, काकांबरोबर फिरायला चाललोय.