अर्थसंकल्पाच्या रचनेतील बदल

भारताच्या केंद्रीय अर्थसंकल्पाची रीत 2017 मध्ये तीन अंगांनी बदलली. पूर्वी अर्थसंकल्प फेब्रुवारीअखेर मांडला जाई आणि त्याची मंजुरी मे महिन्यापर्यंत लांबत असल्याने, 1 एप्रिलनंतरच्या सुरुवातीच्या खर्चासाठी संसदेकडून लेखानुदान, म्हणजे तात्पुरती आगाऊ मंजुरी, घ्यावी लागे. परिणामी नव्या कामांना पैसा मिळेपर्यंत पावसाळा तोंडावर येई. ही अडचण टाळण्यासाठी सादरीकरण 1 फेब्रुवारीला आणले गेले. निवडणुकीच्या वर्षी मात्र लेखानुदानाचा आधार आजही घ्यावा लागतो. ॲकवर्थ समितीच्या शिफारशीनुसार 1924 पासून वेगळा मांडला जाणारा रेल्वे अर्थसंकल्पही 2017 मध्येच मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. तिसरा बदल वर्गीकरणाचा होता: नवा कालवा खोदणे हा योजनांतर्गत, म्हणजे पंचवार्षिक योजनेतील, तर जुन्या कालव्याची देखभाल हा योजनेतर खर्च मानला जात असल्याने देखभालीकडे दुर्लक्ष होई. आता हा भेद जाऊन महसुली, म्हणजे वेतन-व्याजासारखा चालू, आणि भांडवली, म्हणजे टिकाऊ मालमत्ता उभारणारा, एवढीच मुख्य विभागणी उरली असून, एखाद्या कामावरील एकूण खर्च त्यामुळे एकत्रितपणे तपासता येतो.