सुरक्षित अवतरण : घाईपेक्षा फेरी बरी



कोलशेतला विमानाची अपूर्वाई नाही. भारतीय हवाई दलाचे केंद्र याच परिसरात आहे आणि मुंबईचा विमानतळही फार दूर नाही. येथील अनेक कुटुंबांतील माणसे आज विमानाने प्रवास करतात. उतरता उतरता विमान एकाएकी पुन्हा वर झेपावले, की प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. वस्तुतः ही झेप बहुधा सावधपणाची खूण असते.

जेट विमानाचे अवतरण धावपट्टीच्या कित्येक मैल आधीच ठरत असते. चाके व पंखांच्या झडपा योग्य स्थितीत हव्यात, वेग मर्यादेत हवा आणि खाली येण्याचा दर सामान्यतः मिनिटाला १,००० फुटांच्या आत हवा. ढगाळ हवेत १,००० फूट उंचीवर व स्वच्छ हवेत ५०० फुटांवर ही सर्व अंगे जुळलेली असावीत, असा सर्वमान्य दंडक आहे. ती जुळली नाहीत, तर अवतरण सोडून पुन्हा वर जावे. वैमानिक यालाच ‘गो-अराऊंड’ म्हणतात.

या दंडकामागे साधे गणित आहे. वेग १० टक्क्यांनी वाढला, की थोपवावयाची गतिज ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. वेगाने आलेले विमान जमिनीलगत तरंगत राहते आणि धावपट्टीचा बहुमोल भाग मागे पडतो. त्यात पाऊस असला, तर ब्रेकची पकडही सैल होते.

२२ मे २०१० रोजी मंगळूर येथे हेच घडले. दुबईहून आलेले विमान प्रमाणापेक्षा उंचावरून व वेगाने उतरले. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर ते ५,२०० फूट ओलांडून टेकले. डोंगरमाथ्यावरील त्या धावपट्टीपुढे दरी होती. १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना वारंवार केली होती. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडे येथे भर पावसात, पाठीमागून वारा असताना, विमान धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले. तेथे २१ जणांचे प्राण गेले. सहवैमानिकाची सूचना तेथेही अव्हेरली गेली, असे चौकशी अहवालात नमूद आहे. मुंबईतही १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीबाहेर गेले. सुदैवाने सर्वजण बचावले. धावपट्टी मात्र काही दिवस बंद राहिली.

अस्थिर अवतरणांपैकी शेकडा सुमारे ९७ प्रसंगी वैमानिक माघार न घेता उतरतात, असे आंतरराष्ट्रीय अभ्यास सांगतो. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, आणि तेथेच धोका दडलेला असतो. निभावून गेलेली चूक हळूहळू सवय होऊन बसते. थकवा, वेळापत्रक आणि वरिष्ठांविषयीचा संकोच तिला खतपाणी घालतात.

हा धडा केवळ विमानापुरता नाही. कचेरी असो, शाळा असो वा ग्रामपंचायत, कनिष्ठाने वेळीच दिलेला इशारा ऐकणे हा वरिष्ठाचा कमीपणा नव्हे. ते त्याचे कर्तव्यच आहे. प्रवाशांनीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. विमानाने पुन्हा फेरी मारल्याने काही मिनिटे जातील. त्यासाठी वैमानिकाला दोष देऊ नये. मंगळूरला तेवढी मिनिटे खर्ची पडली असती, तर अनेक घरांवरील आघात टळला असता.