टेकू केव्हां काढावे?

एखादी इमारत पुरी झाली म्हणजे आपण तिचा सज्जा पाहतों, जिना पाहतों, भिंतींचा रंग पाहतों. परंतु ती उभी राहत असतां जें लांकूड आणि लोखंड तिच्याखालीं उभें होतें, त्याचा मागमूसहि उरलेला नसतो. काँक्रीटच्या बांधकामांतील या तात्पुरत्या सांगाड्यास आपल्याकडे सेंटरिंग म्हणतात. फळ्या किंवा पत्रे हा त्याचा सांचा, आणि खालचे वासे व लोखंडी नळ्या हे त्याचे टेकू. तो नीट उभारणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो योग्य वेळीं काढणें महत्त्वाचें. आणि ती वेळ ठरविण्यांत घराच्या मालकाचाहि हात असतो, म्हणून आज हा विषय आपल्यापुढें मांडीत आहें.

या सांगाड्यावर भार केवढा पडतो, तें प्रथम पाहूं. ओलें काँक्रीट दर घनमीटरास सुमारें २,५०० किलोग्रॅम भरतें. १० फूट लांब व १० फूट रुंद अशा लहानशा खोलीवर १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब घातला, तरी तो पावणेतीन टनांच्या घरांत जातो. शिवाय त्यावर सळया, घमेलीं आणि वावरणारीं माणसें. त्या वेळीं स्लॅबला स्वतःचें असें कांहींच बळ नसतें. सारा भार फळ्यांवरून वाशांवर, वाशांवरून टेकूंवर आणि टेकूंवरून जमिनीवर उतरतो. म्हणून टेकू ओळंब्यांत हवा, त्याच्या बुडाशीं पक्की फळी हवी, आणि सारे टेकू आडव्यातिरप्या पट्ट्यांनीं एकमेकांस बांधलेले हवेत. टेकूखालीं विटांचे तुकडे सारून उंची साधण्याची युक्ति स्वस्त खरी. पण एक तुकडा सरकला कीं त्या टेकूचें ओझें शेजारच्यांवर येऊन पडतें.

आतां काढण्याचा प्रश्न. काँक्रीट वाळलें म्हणजे झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तें वाळून कठीण होत नाहीं. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन तें घट्ट होतें, आणि म्हणूनच त्यावर कित्येक दिवस पाणी मारावें लागतें. दुसऱ्या दिवशीं त्यावर चाललें तर पाऊल उमटत नाहीं हें खरें. पण पाऊल न उमटणें वेगळें, आणि आपलें ओझें अधांतरीं तोलून धरणें वेगळें. तें बळ येण्यास दिवस लागतात, व हवा थंड असेल तर अधिकच लागतात.

या फरकाची किंमत किती असूं शकते, हें अमेरिकेंतील एका अपघातानें दाखवून दिलें. वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत, ओहायो नदीच्या कांठीं विलो आयलंड येथें एका वीजकेंद्रासाठीं पाणी थंड करण्याचा काँक्रीटचा प्रचंड मनोरा बांधला जात होता. पद्धति अशी, कीं रोज ५ फूट उंचीचा एक थर ओतावयाचा, आणि सांचे व कामकऱ्यांची परांची जमिनीवरून न उचलतां खालच्या ताज्या थरांसच बोल्टांनीं जखडावयाची. २७ एप्रिल १९७८ रोजीं मनोरा सुमारें १६६ फूट उंच झाला असतां, आदल्याच दिवशीं ओतलेला अठ्ठाविसावा थर भार सहन न होऊन ढासळला, आणि त्यासरशी परांची सुटत सुटत खालीं आली. ५१ कामकरी मृत्युमुखीं पडले. राष्ट्रीय मानक संस्थेनें चौकशी करून निष्कर्ष काढला तो असा, कीं तो भार पेलण्याइतकें बळ त्या थराला आलेंच नव्हतें. आदली रात्र थंड होती. कामाच्या वेळापत्रकानें तिची दखल घेतली नव्हती.

आपलें घर कांहीं एवढें उंच नसतें. परंतु काँक्रीटचा धर्म तोच. भारतीय मानक ४५६ याच्या २००० सालच्या आवृत्तींत साध्या पोर्टलंड सिमेंटसाठीं, आणि हवा १५ अंश सेल्सिअसच्या खालीं जात नसेल तेव्हांसाठीं, किमान मुदती दिल्या आहेत. खांब व भिंती यांच्या उभ्या फळ्या १६ ते २४ तासांनीं काढतां येतात. स्लॅबखालचे टेकू मात्र गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, आणि त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावे. तुळईखालचे टेकू ६ मीटरपर्यंतच्या गाळ्यास १४ दिवस, व त्यापुढें २१ दिवस. या किमान मुदती होत. सिमेंट निराळें असेल किंवा थंडी कडक असेल, तर अभियंता सांगेल तितके दिवस थांबावें. वरच्या मजल्याचा स्लॅब ओतावयाचा असेल, तर त्याचा भार खालच्या मजल्यावर येणार हें ध्यानांत घेतल्यावांचून खालचे टेकू हलवूं नयेत.

काढण्यासहि क्रम असतो. दोन्ही बाजूंनीं भिंतींवर टेकलेल्या स्लॅबचे टेकू मध्यापासून कडांकडे काढीत जावें. भिंतींतून पुढें आलेल्या सज्ज्याचे मोकळ्या टोंकापासून भिंतीकडे. आणि ते हळूहळू सैल करावे, घाव घालून पाडूं नयेत.

कंत्राटदाराला टेकू लवकर मोकळे हवे असतात, कारण त्यांचें भाडें दिवसावर चढत असतें. मालकाला वास्तुशांतीचा मुहूर्त गांठावयाचा असतो. या दोन घायांमध्यें सांपडतो तो टेकू काढणारा मजूर. कारण त्या क्षणीं नेमका त्या स्लॅबखालीं तोच उभा असतो. तेव्हां आणखी आठ दिवसांचें भाडें आपण खुशीनें मोजावें, आणि मुहूर्त ठरवितांना आधीं अभियंत्याला विचारावें, मग ज्योतिष्याला.