सुट्या पैशांतली चुकलेली नाणी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाजीवाल्याकडून सुटे पैसे आपण सगळ्याच घेतो, मोजतो आणि डब्यात टाकतो. दोन वर्षांपूर्वी त्यांत मला एक रुपयाचे एक चमत्कारिक नाणे मिळाले. छाप एका बाजूला सरकलेला, दुसरीकडे चंद्रकोरीएवढी जागा कोरी. तेव्हापासून नाणी निरखायची सवय लागली. त्यात काय शिकले आणि काय गमावले, दोन्ही सांगते.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात आणि दोन ठशांमध्ये दाबतात. करंजीसाठी वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर पडली, तर पुरी तुटकी निघते ना? तसेच कडेला चावा घेतल्यासारखे नाणे निघते. चकती नीट बसली नाही, तर छाप सरकतो. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या नाण्यावर तेच चित्र आरशातल्यासारखे उलटे व खोलगट उमटते. ठशाला तडा गेला असेल, तर नाण्यावर रेघ येते. ही रेघ बोटाला उंच लागते. नंतर पडलेला ओरखडा खोल लागतो. एवढी परीक्षा आपल्याला घरीच करता येते.

काही गोष्टी मात्र चुका नव्हेत. सालाखाली बारीक चौकट असली तर नाणे मुंबईचे, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचे, आणि काहीच नसले तर कोलकात्याचे. दहा रुपयांची नाणी वेगवेगळ्या नक्षीची असतात, म्हणून कित्येक दुकानदार ती नाकारतात. पण १४ नमुने काढले असून ते सर्व चालतात, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितले आहे. तेव्हा नाकारू नका, नाकारू देऊ नका.

आता गमावल्याची गोष्ट. माझ्या नाण्याचे दोन लाख देतो, असे एकाने फोनवर सांगितले. आधी नोंदणीचे पंधराशे मागितले, मग कराचे तीन हजार. घरखर्चातून वाचवलेले ते सगळे मी पाठवले. पुढे तो फोन लागलाच नाही. यांना सांगायला मला महिना लागला. आपण अशा व्यवहारांत नाही, त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते. मला ते ठाऊक नव्हते. तुम्हांला ठाऊक असावे म्हणूनच आज लाज बाजूला ठेवून उभी राहिले. खरा गिऱ्हाईक पैसे देतो, मागत नाही.

असे नाणे मिळालेच तर चिंचेने घासू नका. घासले की त्याची किंमत जाते. कागदात गुंडाळून ठेवा आणि एकाऐवजी दोन-तीन जाणकारांना दाखवा. लाखांची आशा मात्र धरू नका.

माझे नाणे माझ्याकडेच आहे. सभा संपल्यावर टेबलावर ठेवते, सगळ्यांनी पाहावे.