थरथरत्या जमिनीवरची स्तुती



नोव्हेंबर २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांखालची जमीन हलू लागली आणि मग थांबायचं नावच घेईना. धुंदलवाडीचा परिसर या धक्क्यांचं केंद्र ठरला. आज पदवी घेणाऱ्या काही स्नातकांचं सायवन हे गाव याच पट्ट्यातलं. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, आणि हळदपाड्यात घाबरून घराबाहेर पळताना दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू ठोकले. माणसं ऐन थंडीत लेकरांना कुशीत घेऊन घराबाहेर झोपू लागली.

देवावर भरवसा ठेवणं म्हणजे काय, हे सांगायला याहून जवळचं उदाहरण शोधावं लागत नाही. देव राखेल म्हणून भेगाळलेल्या भिंतीला टेकून बसून राहणं, याला भरवसा म्हणत नाहीत. म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढणारा, तंबूत कुणाकडे पांघरूण नाही ते बघणारा, जमिनीचं शास्त्र जाणणाऱ्यांचं ऐकणारा आणि तरीही रात्री लेकरांसोबत हात जोडणारा माणूस भरवशाने जगत असतो. डोंगर समुद्रात ढासळले तरी भिणार नाही, असं म्हणणारं बायबलमधलं ४६वं स्तोत्र पुष्कळांना पाठ असतं. ते जमीन हलत असताना म्हणायची पाळी फार थोड्यांवर येते. या दोन तालुक्यांवर ती आली.

बायबलमधली स्तुती सुखाच्या दिवसांची फारशी नाही. १५० स्तोत्रांत गाऱ्हाणी आणि विलाप यांचा वाटा मोठा आहे. अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं हबक्कूक संदेष्टा म्हणतो. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, मध्यरात्री गात होते. आणि तिथेही भूकंप झालाच. तुरुंगाची दारं उघडली, पण पौलाने आधी हाक मारली ती जीव द्यायला निघालेल्या पहारेकऱ्याला वाचवायला. स्तुती करणाऱ्याचं लक्ष दुसऱ्याच्या जिवाकडे असतं, हे लूकने लिहून ठेवलेलं बारकाईने वाचायला हवं.

महाराष्ट्रात ही स्तुती मराठी कशी झाली, याची कथा अहमदनगरची आहे. मिशनऱ्यांनी आणलेल्या इंग्रजी चाली, त्यांवर बसवलेले मराठी शब्द; गाणारा गाई, पण ओठ आणि काळीज जुळत नसे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत आणला. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मोकळेपणाने सांगत. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, टाळ-मृदंगाला उपासनेत जागा दिली. आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांची गाणी इतकी आहेत, की ती वगळली तर कित्येक मंडळ्यांचा रविवार मुका होईल. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ सुरू केला. महिन्याच्या बांधील पगाराविना, देवावर हवाला ठेवून. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले.

टिळकांचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. त्या कौतुकाची किंमत घरात कुणी मोजली, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. घरात आलेला पैसा टिकत नसे. अनाथ मुलं त्या घरात वाढली. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या; मग परतल्या, आणि स्वतःच्या निश्चयाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाळकपणाची पदवी एकाला मिळते, पण तिचा भार सगळं घर उचलतं. ते पुस्तक प्रत्येक मंडळीच्या कारभाऱ्यांनी वाचावं, आणि पाळकाच्या घरचं वर्षाचं मानधन ठरवण्याआधी वाचावं.

पाळकांबद्दलच्या कृतज्ञतेचा महिना म्हणून अमेरिकेतल्या अनेक मंडळ्या ऑक्टोबर पाळतात. डहाणू-तलासरीत ऑक्टोबर म्हणजे भातकापणीचे दिवस, माणसाला मान वर करायला उसंत नसते. दिवाळी झाली की कित्येक घरांना कुलूप लागतं आणि कुटुंबंच्या कुटुंबं वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. अशा मंडळीचा पाळक रिकाम्या बाकांपुढे प्रवचन करत बसला तर त्याची मेंढरं हरवतील. त्याला भट्टीवर जावं लागतं, आजारी लेकराला दवाखान्यात न्यावं लागतं, मुकादमाशी हिशेबाचं बोलावं लागतं. त्याला हार-शाल देणं चांगलंच आहे. पण पेट्रोलचे पैसे वेळेवर देणं, त्याच्या मुलांच्या फीची चौकशी करणं, आठवड्यातला एक दिवस त्याला त्याच्या बायकापोरांसोबत बसू देणं, ही कौतुकाची जास्त खरी रीत आहे. आजारात मरणाच्या दारातून परतलेल्या एपफ्रदीतला पौलाने फिलिप्पैकरांकडे परत धाडलं, तेव्हा अशांचा मान राखा, असं त्याने मुद्दाम लिहिलं. एपफ्रदीत काही मोठा वक्ता नव्हता. मंडळीने दिलेली मदत कैदेतल्या पौलापर्यंत पोचवणारा माणूस होता.

डहाणूत अशा सेवकांची परंपरा जुनी आहे. चर्च ऑफ द ब्रदरेनच्या मिशनने इथे दवाखाना चालवला, डॉ. बार्बरा निकी यांनी तिथे वर्षानुवर्षं बाया-बाळांची सेवा केली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उभी राहिली. त्या सहांत ब्रदरेनही होते. डॉक्टरांची नावं कागदावर राहिली. त्यांच्यासोबत पाड्यावर वाट दाखवत, वारलीतून समजावत गेलेल्या स्थानिक मदतनीसांची राहिली नाहीत. आज पदवी घेणाऱ्या सायवन, कासा, उधव्याकडच्या मुलामुलींनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ती लिहून काढावीत, त्यांच्या हयातीतच.

हा पट्टा वारली समाजाचा आहे. १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध हाच समाज उठला, आणि त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ते ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांच्या रेषा जगभर पोचल्या. वारली लग्न धवलेरीच्या गाण्याशिवाय लागत नाही. गाणारी बाईच इथे विधी पार पाडते. तारप्याच्या सुरावर माणसं हातात हात गुंफून फेर धरतात. गाण्याला एवढा मान देणाऱ्या माणसांपुढे नव्या सेवकाने उसनी चाल घेऊन जाऊ नये. आधी बसून ऐकावं. इथल्या श्रद्धांचा आदर राखून बोलावं, आणि कुणालाही त्याच्या घरातून, नात्यागोत्यातून तोडू नये.

टिळकांनी हाती घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलं होतं. लहानपणी शाळा न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा पुढचा फार मोठा भाग रचला. इथेही असं काम पडलेलं आहे. या वर्षीच्या स्नातकांनी पुढच्या पावसाळ्यापर्यंत, माणसं भट्ट्यांवरून पाड्यात परतलेली असतील तेव्हा, वारली बोलीत स्तुतीचं एक गीत रचावं. ते आधी एखाद्या म्हाताऱ्या आजीला ऐकवावं, ती जे शब्द बदलायला सांगेल ते बदलावेत, आणि मगच रविवारी मंडळीसमोर गावं.